बाबा म्हणतायत

रविवारी सकाळी सलालाहच्या दवाखान्यातून खुदेजाचा फोन आला तेव्हा चंद्रहास ऑफिसच्या इमारतीखाली गाडी लावत होता. खुदेजा तिथल्या रिसेप्शनवर बसते आणि घाईत असली की नमस्कार-चमत्कारात वेळ घालवत नाही. "चंद्रा सर, सब लोग बाहर," ती म्हणाली. "डॉक्टर बाहर, नर्स बाहर, मैं भी बाहर. पासवर्ड सही है, फिर भी बोलता है बहुत बार गलत किया, बाद में आओ. पेशंट मेरा मुँह देख रहा है." त्याने तिला पाच मिनिटं दे म्हणून सांगितलं आणि लिफ्टमध्ये शिरेपर्यंत त्याच्या लक्षात आलं, की चूक दवाखान्यातल्या कुणाचीच नाही, आपली आहे. आठवड्याची सुट्टी लागण्याआधी, गुरुवारी संध्याकाळी, त्याने कंपनीच्या जुन्या अपॉइंटमेंटच्या प्रोग्रॅमपुढे एक नवा सर्व्हर उभा केला होता. प्रॉक्सी. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाने आता त्याचं दार वाजवायचं, त्याने आत जाऊन विचारायचं आणि उत्तर आणून द्यायचं. शुक्रवार-शनिवार दवाखान्यांत वर्दळ नव्हती, म्हणून काही जाणवलं नाही. आज सगळ्या शाखा एकदम उघडल्या. कुणी मस्कतमध्ये पासवर्ड चुकवला, कुणी सहममध्ये, कुणी सलालाहमध्ये, सुट्टीनंतर माणसं चुकतातच. पण आतल्या प्रोग्रॅमला दिसत होता तो फक्त प्रॉक्सीचा पत्ता. त्याच्या लेखी साऱ्या ओमानातून एकच माणूस येत होता आणि तो सारखा चुकत होता. ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्याने ऐकून घेतलं आणि मग त्या माणसाला दार बंद केलं. म्हणजे सगळ्यांनाच.

दुरुस्ती लहान होती. वेब सर्व्हर प्रत्येक विनंतीबरोबर आतल्या प्रोग्रॅमच्या हाती थोडी माहिती ठेवतो: कोण आलंय, कुठल्या पत्त्यावरून, कुठल्या दारातून. ही माहिती ठेवायच्या जागांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. प्रोग्रॅम स्वतः उठून बाहेर डोकावत नाही. त्या जागांत जे लिहिलेलं असेल तेच त्याचं जग. प्रॉक्सी तशी प्रामाणिक असते. आत जाताना ती मूळ माणसाचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून बरोबर नेते. पण ती चिठ्ठी वाच, असं प्रोग्रॅमला कुणी सांगितलेलं नसतं. तेवढं सांगायचं, चिठ्ठीतला पत्ता घ्यायचा आणि आधीचा पत्ता पुसून त्या जागी लिहायचा. ओव्हरराइड. शेजारच्या टेबलावरून यासिर खुर्ची सरकवत आला. तो सहमचा, बलुची, चंद्रहासपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि लहानपणापासून हिंदी सिनेमे बघून त्याची हिंदी चंद्रहासच्या हिंदीपेक्षा सफाईदार झालेली. "जो चिठ्ठी में लिखा है वो मान लो, खलास," तो म्हणाला. "एक लाइन का काम है." चंद्रहास मान हलवत राहिला. "ऐसे कैसे मान लूं? चिठ्ठी तो कोई भी लिख सकता है. कल कोई चोर अपने हाथ से लिख के लाएगा, मैं डॉक्टर के घर से आया हूं. पहले देखना पडेगा, लाया कौन. अपना आदमी लाया तो सच, नहीं तो कूडा." यासिर हसला. "तुम इंडियन लोग किसी पे भरोसा नहीं करते." "काम ही वो है," चंद्रहास म्हणाला, आणि त्याने आधी भरवशाच्या पत्त्यांच्या ओळीत आपल्या प्रॉक्सीचा पत्ता घातला, मग खालची ओळ लिहिली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. खुदेजाचा मेसेज आला: अंदर आ गई. त्याने चहा मागवला. चहा आला, गार झाला. पडद्यावर आता निरनिराळे पत्ते एकाखाली एक उमटत होते, प्रत्येक जण आपापल्या ठिकाणाहून आलेला, आणि ते बघताना आपलं काहीतरी कुठेतरी राहून गेलंय असं त्याला सारखं जाणवत राहिलं. घराचं दार ओढून घेतल्यावर गॅस बंद केला का, असं वाटतं तसं. लाया कौन. अपना आदमी लाया तो सच. हे वाक्य आपण नुकतंच उच्चारलं, पण त्याआधी बराच काळ ते आपल्यात बसून होतं, असं त्याला वाटलं; आणि कुणाबद्दल, तेही त्याला समजलं.

त्याच्या घरात, राजापूरपासून आत असलेल्या त्या गावात, बाळकृष्ण म्हणजे त्याचे वडील कधी कुणाकडे काही मागत नसत. मुलांकडे तर नाहीच. त्यांना काही हवं असलं की ते आई बोलायची. रखमाबाई पडवीच्या उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "ह्यांचं म्हणणं, तू यंदा गणपतीला चार दिवस आधी यावंस," आणि बाळकृष्ण अंगणात पाठमोरे बसून सुरी पाजळत असायचे, जणू दुसऱ्याच कुणाचं बोलणं चाललंय. उत्तरही आईलाच द्यायचं. "त्यांना सांग, बघतो." ते ऐकत असायचे. सरळ जाऊन विचारलं, बाबा, तुम्ही असं म्हणालात का, तर ठरलेलं उत्तर यायचं: "मी कुठं काय बोललो?" त्याचा अर्थ हो असाच असायचा, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पंचक्रोशीत आंब्याची कलमं बांधायला लोक त्यांना बोलवायचे. कोयकलम, भेटकलम, दोन्हीत हात बसलेला. कुणाचं कलम जगेल आणि कुणाचं नाही हे ते नुसतं बोटाने दाबून सांगत. झाडांशी सरळ, माणसांशी आडून. आई गेली तेव्हा चंद्रहासला ओमानात येऊन दहाएक वर्षं झाली होती. तेराव्यानंतर तो परत निघाला आणि बाबा काही बोलले नाहीत, कारण बोलायचं ज्या तोंडाने ते तोंडच राहिलं नव्हतं. मग हळूहळू ते काम कल्पनाकडे गेलं. कल्पना म्हणजे धाकट्या कौशिकची बायको. कौशिक रत्नागिरीला मचव्यांची इंजिनं दुरुस्त करतो, आठवड्याने घरी येतो. बाबांचं पथ्यपाणी, गुरं, बाग सगळं तिच्यावर. बाबांच्या कानाला मोबाइल कधी रुचला नाही. व्हॉट्सॲपवरून इथे कॉलही धड लागत नसे, म्हणून कल्पना आवाजाचे निरोप पाठवायची, आणि प्रत्येकाची सुरुवात ठरलेली: "भाऊजी, बाबा म्हणतायत."

तसे कल्पनाचे तिचे स्वतःचेही निरोप असत. सकाळी गुलाबाच्या फुलावर सुप्रभात. पंपाची मोटर जळली. मुलाला कॉलेजात लॅपटॉप लागेल म्हणतात, तिकडे स्वस्त असतात का. शेजाऱ्यांच्या सुनेला तिकडे नोकरी बघाल का. त्यातच मिसळलेलं, बाबा म्हणतायत, पाऊस लांबला. बाबा म्हणतायत, इराला कितवीत घातलं. सगळं एकाच नावाखाली, एकाच गोल फोटोखाली, ज्यात ती कुठल्याशा लग्नातल्या नथीत हसत होती. मस्कतच्या अल् घुब्रातल्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी सोफ्यावर बसला की चंद्रहास फोन उचलायचा आणि त्या नावापुढचा आकडा बघून बाजूला ठेवायचा. "कल्पना," तो बायकोला, रेखाला, म्हणायचा, "परत." रेखा म्हणायची, "मलाही आलाय. मी दिलं उत्तर. तू निदान ऐक तरी." तो ऐकायचा, पण ऐकताना त्याच्या डोक्यात हिशेब चालू असायचा, हिला आता काय हवंय. पुढचे दोन शब्द, 'बाबा म्हणतायत', तो कानाआड करायला शिकला होता. नातेवाइकांच्या पत्रात वर 'श्री' असतो, तसे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातला तो निरोप. तो त्याने तेव्हा एकदाच ऐकला होता, तरी आज टेबलाशी बसून त्याला तो सबंध आठवला, मागच्या कौलांवरच्या पावसाच्या आवाजासकट. "भाऊजी, बाबा म्हणतायत, त्यांना एकदा तुमच्याकडे यायचंय. कुणीतरी सांगितलंय त्यांना, की तिकडे खजुराच्या झाडाचं नर वेगळं नि मादी वेगळी, आणि माणूस वर चढून हातानं ते जुळवून देतो. ते बघायचंय म्हणतायत. नर झाडाचा तुरा मादीत कसा बांधतात ते. विमानात बसायला घाबरणार नाही म्हणाले. मी येईन हवं तर सोबतीला, नायतर तुम्ही येऊन न्या." चंद्रहासने ऐकलं ते शेवटचं वाक्य. मी येईन सोबतीला. त्याला वाटलं, आलं ध्यानात. बाबांच्या नावावर मस्कत बघायचंय. त्याने रेखाला तसं म्हटलंही, आणि रेखा म्हणाली, "मग बघू दे की. तिने काय पाप केलंय?" पण तिचं ते बोलणं त्याला तेव्हा भाबडं वाटलं. त्याने खात्री करायचं ठरवलं. खात्री करणं हे त्याचं कामच. त्याने घरच्या साध्या फोनवर फोन लावला आणि बाबांना बोलवायला सांगितलं. ते आले, रिसीव्हर कानापासून लांब धरून हॅलो म्हणाले. "बाबा, तुम्हाला इकडे यायचंय का?" पाऊस ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "मी कुठं काय बोललो? इकडं कलमांकडे कोण बघणार." आणि चंद्रहासला हायसं वाटलं.

ते हायसं वाटणं आज त्याच्या वाट्याला परत आलं, चवीसारखं. आयुष्यभर ज्या वाक्याचा अर्थ हो असा होता, त्याचा त्या दिवशी त्याने नाही असा घेतला. आई मध्ये असती तर घेतला नसता. आई म्हणाली असती, "ह्यांचं म्हणणं, खजुराचं झाड बघायचं," आणि त्याने त्याच आठवड्यात तिकिटं बघितली असती, वडिलांना फोन करून शहानिशा करायचं त्याच्या मनातही आलं नसतं. निरोप तोच, माणूस तोच, मधली फक्त बदलली होती. भरवशाच्या ओळीत आई होती. कल्पनाला त्याने त्या ओळीत कधी घातलंच नाही. का नाही, याचं उत्तर शोधताना त्याला काहीच सापडेना. ती कधी खोटं बोललेली त्याला आठवेना. मोटर खरंच जळली होती. लॅपटॉप नंतर कौशिकने हप्त्यांवर घेतला. तिने काही मागितलं होतं एवढंच. आणि मागणाऱ्या माणसाने दुसऱ्याचं म्हणून काही सांगितलं, तर तेही त्याचंच मागणं, असं त्याने धरलं होतं. त्या फोननंतर त्याने तिचं नाव म्यूट केलं आणि खाली, नजरेआड, अर्काइव्हमध्ये ढकललं. पाच वेळा चुकलेल्या माणसाला दार बंद. त्यातून आणखी कोण कोण बाहेर राहिलं ते बघायला तो गेला नाही. पुढच्या हिवाळ्यात एकदा कल्पनाने रेखाला विचारलं होतं, बाबा विचारतायत, तिकडे तो तुरा बांधायचा मोसम कधी असतो. रेखाने जेवताना सांगितलं. त्याने पोळीचा घास मोडता मोडता "फेब्रुवारीत असेल" असं म्हटलं, आणि ते खरंही होतं. इरा तेव्हा समोर बसली होती. मग ती आईच्या कानाशी लागून काही कुजबुजली आणि रेखा म्हणाली, "ती विचारतेय, मैत्रिणींबरोबर निझवाला जाऊ का." त्याने भाजी वाढून घेत रेखालाच सांगितलं, "तिला म्हणावं, बघू." पंधरा वर्षांची मुलगी हातभर अंतरावर बसलेली. तेव्हा त्याला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आज दिसलं, आणि आपण सुरी न पाजळता अंगणात पाठमोरे बसलोय असं वाटून त्याने टेबलावरचं पेन उगाचच सरळ केलं.

गेल्या दिवाळीत बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. चंद्रहास धावत गेला, रत्नागिरीच्या इस्पितळात खाटेशेजारी बसला. डॉक्टर म्हणाले, समजतंय त्यांना, सगळं नाही, पण बरंचसं. बोलणं मात्र आता येणार नाही. बाबांनी त्याच्याकडे बघितलं. डावा हात थोडा उचलला, बोट वर नेलं, छताच्या दिशेने, आणि खाली सोडलं. त्याला वाटलं पंखा लावा म्हणतायत, त्याने लावला. कल्पना पायाशी उभी होती. ती काही बोलायला तोंड उघडणार, इतक्यात नर्स आली. विमानात परतताना आणि त्यानंतरही बरेचदा ते बोट त्याच्या डोळ्यांपुढे आलं होतं, पण ते काय सांगत होतं हे कल्पनाला विचारावं असं त्याला सुचलं नाही. मायदेशातून येणारे निरोप आता रेखाच्या फोनवर येत. गोळ्या बदलल्या. पाठीला जखम झाली होती, भरली. त्यातला एकही 'बाबा म्हणतायत' ने सुरू होत नसे.

"क्या हुआ, अर्बाब?" यासिरने विचारलं. वयाने मोठा म्हणून तो त्याला चेष्टेने मालक म्हणायचा. "सिस्टम चल रहा है, तुम बंद पड गया." चंद्रहासने त्याला विचारलं, की तुझ्या मामाच्या बागेत खजुराचे तुरे बांधायचं काम झालं का. यासिरने खांदे उडवले. "चल रहा है. फेब्रुवारी है ना. कितने साल से बोल रहा हूं, फॅमिली को ले के आओ, तुम बोलता है इन्शाल्ला. तुम्हारा इन्शाल्ला हमारे इन्शाल्ला से भी लंबा है." "इस जुमे को?" "यल्ला, चलो," यासिर म्हणाला.

शुक्रवारी बातिनाहच्या रस्त्याने जाताना इरा मागच्या सीटवर कानात इअरफोनचे बोळे घालून बसली होती. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे समुद्र असूनही न दिसणारा, मध्ये दुकानांच्या, गॅरेजच्या, मशिदींच्या रांगा. रेखाने दोनदा त्याच्याकडे बघितलं. सहमला यासिर वळणावर उभा होता. बाग समुद्रापासून फार लांब नव्हती. पाण्याला थोडी खारट चव असावी, कारण कडेची लिंबाची झाडं पिवळी पडलेली. मामा, हा साठीचा वाळका माणूस, लुंगी वर खोचून झाडापाशी उभा होता. बुंध्याभोवती आणि स्वतःच्या पाठीभोवती त्याने विणलेली जाड दोरी घातली, मागे रेलला आणि दोरी झटक्याने वर टाकत, पायाने खोडाचे खुंट चाचपत चढू लागला. खांद्याला पिशवी, पिशवीत नर झाडाचे पांढरट तुरे, पिठासारखी धूळ सांडणारे. "इरा," चंद्रहास म्हणाला. तिने कानातला एक बोळा काढला आणि सवयीने आईकडे बघितलं. "इरा, तूच. व्हिडिओ काढशील? आजोबांना पाठवायचाय. बोल त्यात. काय चाललंय ते सांग." "मराठीत?" "येईल तसं." ती थोडी लाजली, मग फोन वर धरून बोलू लागली. "आजोबा, हे अंकल वर गेलेत. हे फीमेल ट्री आहे. त्यांच्याकडे मेल ट्रीचं, काय म्हणतात ते, फ्लॉवर आहे. ते आता ह्याच्यात उलटं घालणार आणि बांधणार. पानानेच बांधणार, दोरा नाही. आजोबा, दिसतंय का?" वर मामाने मादीचा तुरा उघडला, दोन-तीन नर काड्या उलट्या धरून आत खोवल्या आणि झावळीच्या पट्टीने सैल गाठ मारली. उन्हात धूळ उडाली. बाबांच्या अंगठ्याची कलमावरची गाठ अशीच, घट्ट नाही, सुटणारही नाही. चंद्रहासने अर्काइव्हमध्ये जाऊन ते नाव शोधलं. नथीतला फोटो. न ऐकलेले निरोप किती ते त्याने बघितलं नाही. इराचा व्हिडिओ तिथे टाकला आणि खाली काय लिहावं ते न सुचून लिहिलं, 'बाबांना दाखव.'

मामा दुसऱ्या झाडावर गेला. रेखा यासिरच्या मामीबरोबर काहवा, तिथली बिनदुधाची कॉफी, घेत चटईवर बसली. फोन हातात थरथरला तेव्हा चंद्रहास झाडाखाली एकटा होता. आवाजाचा निरोप होता. त्याने कानाला लावला. आधी कोंबड्या, मग खाट करकरल्यासारखं काही, मग एक जड श्वास, ओळखीचा, आणि मग कल्पना, नेहमीच्या सुरात, मधल्या दोन वर्षांना अंगणात बसवून ठेवून आल्यासारखी. "भाऊजी, दाखवला हो. दोनदा दाखवला. इराचं नाव घेतलं की बघतायत." श्वास चालू होता. "बाबा म्हणतायत, माणूस चांगला आहे, पण त्याने दोरी फार वर घेतलीय. कमरेखाली असावी म्हणतायत, नायतर पाय सटकला तर पाठ मोडेल. सांगा म्हणतायत त्याला."

त्याने तो परत ऐकला. डॉक्टर काय म्हणाले होते ते त्याला ठाऊक होतं. डाव्या हाताचं बोट वर जाऊन कमरेपाशी खाली येऊ शकतं, हेही ठाऊक होतं. किंवा कल्पनानेच बघितलं असेल, इतकी वर्षं त्यांची कलमं आणि त्यांची झाडांवरची चढ-उतार बघून. दोहोंतलं काय खरं, हे तपासायचं म्हटलं तर एक फोन पुरे होता. त्याने फोन खिशात ठेवला. मान वर करून बघितलं. दोरी खरंच उंच होती, जवळजवळ बरगड्यांपाशी. हे सांगायला इथे, या मातीत, हात पाठीशी बांधून ते उभे असायला हवे होते, दोन फेब्रुवारींपूर्वी, बरोबर कल्पना नवी साडी सावरत, खारं पाणी चाखून तोंड वाकडं करत.

"यासिर," त्याने हाक मारली. "मामा को बोलो, रस्सी नीचे ले. कमर के नीचे." यासिर हसत आला. "मामा चालीस साल से चढ रहा है. कौन बोल रहा है?"

"मेरे बाबा बोल रहे हैं," चंद्रहास म्हणाला.

यासिरने त्याच्याकडे बघितलं. बाबांची अवस्था त्याला माहीत होती. दिवाळीत त्यानेच चंद्रहासला विमानतळावर सोडलं होतं. तोंडाभोवती हात धरून त्याने वर बलुचीत काहीतरी ओरडून सांगितलं. मामाने खाली वाकून विचारलं, यासिरने पुन्हा सांगितलं, या खेपेला लांब. मग म्हाताऱ्याने एक हात मोकळा करून कपाळाला लावत सलाम केला, खाली उभ्या असलेल्यांपैकी नेमका कुणाला ते कळलं नाही, आणि पाठीमागची दोरी दोन्ही हातांनी धरून कमरेखाली सरकवली.